मांडीवरचा नकाशा

आबांनी दोन पुठ्ठे कापले. एक २१ बाय साडेबारा सेंटिमीटर, दुसरा २५ बाय १८. कडा ब्लेडने साफ केल्या, कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘८ इंची’ आणि ‘११ इंची’ लिहिलं, खाली तारीख टाकली. तारखेशिवाय कागद हातावेगळा करायची त्यांना सवयच नाही. मग लेक जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत ताठ बसली, मी परकराची नाडी आणून दिली आणि पहिला पुठ्ठा तिच्या उजव्या मांडीला बांधला. हातात लाटणं आडवं.

“आता विमान उतरवतेयस असं समज,” आबा म्हणाले.

तिनं लाटणं सावकाश पोटाशी ओढलं. छोट्या पुठ्ठ्यावरून ते सरळ आलं. मोठा बांधला, तर त्याच्या कडेला येऊन अडलं.

“योक, म्हणजे विमानाचं हे सुकाणू, इथपर्यंत यायलाच हवा,” ती पोटावर हात ठेवून म्हणाली. “नाहीतर टेकताना नाक वर कसं उचलणार?”

झालं. दुकानदार ज्याला ‘मोठा स्क्रीन, मॅडम, पिक्चर बघायला मस्त’ म्हणत होता, तो अकरा इंची टॅब लाटण्यानं बाद केला.

आम्ही नेरुळला राहतो. लेक धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकते. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्या एकेका तासाचा दर असा आहे की शैक्षणिक कर्जाच्या कागदावरची शून्यं मी अजून एका दमात मोजलेली नाहीत. अशात शिमग्याला घरी आली ती ‘आई, टॅब लागेल’ म्हणतच. बरोबरच्या मुलांकडे आहेत. चेकलिस्ट, विमानाचं मॅन्युअल, विमानतळांचे नकाशे, सगळं त्यात. वर एक नेव्हिगेशनचं ॲप, ज्यात नकाशावर आपलं विमान सरकताना दिसतं. मी म्हटलं, वीस हजारांच्या वर एक पैसा नाही.

मी वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब बघते. टॅबमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण बावीस वर्षं मिरचीची पोती येताना-जाताना बघितली आहेत. वरची मिरची लालबुंदच असते, ती दाखवायलाच ठेवलेली असते. जाणता गिऱ्हाईक पोत्याच्या तळात हात घालतो, ओल लागलीय का, बुरशी धरलीय का ते बघतो. टॅबची जाहिरात वाचताना मला तीच वरची मिरची दिसत होती. कॅमेरा, स्पीकर, पेन. हा उन्हात किती वेळ टिकतो, नेटवर्क गेल्यावर काय करतो, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तरी पहिल्या फेरीत फसलोच. एका दुकानात (नाव लिहीत नाही, रोज त्या रस्त्यानं जाते) लेकीनं नीट विचारलं, “यात जीपीएस आहे ना?” तो म्हणाला, “हो हो, गूगल मॅप चालतो बघा.” आणि खरंच चालवून दाखवला. निळं टिंब बरोबर त्याच्या दुकानावर. घरी आणला, तर टिंब बरोबर आमच्या इमारतीवर. लेक खूश. दुसऱ्या दिवशी गाडीत ठेवून पामबीच रोडनं वाशीला निघालो. करावे गेलं, सानपाडा गेलं, टॅबच्या मते आम्ही घरातच. बहुधा गॅलरीत.

त्यातली गंमत आम्हाला नंतर उमगली. ज्या टॅबमध्ये जीपीएसची चिप नसते तो आजूबाजूच्या वायफाय राउटरांवरून आपली जागा ओळखतो. कुठला राउटर कुठल्या पत्त्यावर आहे याच्या याद्या मोठ्या कंपन्यांकडे असतात. म्हणून दुकानात, घरात टिंब अचूक; रस्त्यावर आलं की आंधळं. चार हजार फुटांवर कुणाचा राउटर मिळणार? आयपॅडच्या बाबतीत तर हे कंपनीच्या माहितीपत्रकातच आहे: वायफायवाल्या मॉडेलात जीपीएस नाही, सिमवाल्यात आहे. सिम घालावं लागत नाही, नुसता तो खाच असलेला प्रकार घ्यावा लागतो, आणि त्या खाचेचे साधारण १५,००० रुपये जादा. अँड्रॉइडमध्ये पुष्कळ वायफाय टॅबनाही जीपीएस असतं, काहींना नसतं. डब्यावर वाचल्याशिवाय कळत नाही. दुकानदारानं टॅब परत घेतला, ‘बॉक्स ओपन झाला’ म्हणून दीड हजार कापून. ते दीड हजार मी शिकवणीची फी म्हणून वहीत मांडले.

जीपीएसला नेट लागतं हा समज माझाही होता. लेकीनं समजावलं. उपग्रह बोलत असतात, यंत्र फक्त ऐकतं. चार उपग्रहांचा आवाज नीट आला की जागा आणि उंची दोन्ही निघतात. नेट असलं तर कुठला उपग्रह कुठे आहे हे आयतं कळतं, म्हणून पहिलं टिंब पटकन उमटतं. नसलं तर ती माहितीही उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, त्याला अर्धा-एक मिनिट लागतं. हे ऐकल्यापासून मी लोकलमध्ये वाशीच्या पुलावर फोनचं नेट बंद करून बघते. खाडीच्या पाण्यावर निळं टिंब हळूहळू मानखुर्दकडे सरकतं. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, “काय शोधताय?” काय सांगणार!

ॲपची निवड टॅबच्या आधी करायला हवी होती, ती आम्ही नंतर केली. फोरफ्लाइट नावाचं जे ॲप अमेरिकेतल्या वैमानिकांच्या तोंडी असतं, ते फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं. म्हणजे ते हवं तर आयपॅड आलाच. जुना, हात फिरलेला आयपॅड घ्यावा तर वेगळीच मेख: यंत्र ठणठणीत, पण त्याला नवी सिस्टिम मिळणं बंद होतं आणि मग ॲप त्याला सोडून पुढे जातं. २०१५ चा आयपॅड मिनी ४ सिस्टिमच्या पंधराव्या आवृत्तीवर थांबला, तो थांबलाच. गार्मिन पायलट अँड्रॉइडवरही चालतं, पण वर्षाची वर्गणी आहे. अवेअर नावाचं एक फुकट ॲप आहे, हौशी वैमानिकांनीच मिळून केलेलं, फार कौतुकाचं. पण त्यातले नकाशे अमेरिकी सरकारचे. तिथलं सरकार आपले हवाई नकाशे जनतेला मोफत देतं, म्हणून फुकटात असं ॲप उभं राहू शकतं. युरोपात स्कायडेमन. आपल्याकडे बसून ही नावं वाचताना मला परदेशातल्या मॉलचं पत्रक वाचल्यासारखं होत होतं. ॲप कितीही देखणं असो, त्यात पारोळा आणि एरंडोल नसेल तर लेकीला त्याचा काय उपयोग?

आपल्या विमानतळ प्राधिकरणाची माहिती-पुस्तिका इंटरनेटवर खुली आहे. त्यात विमानतळांचे नकाशे, धावपट्ट्यांची लांबी, रेडिओच्या फ्रिक्वेन्सी, मनाई असलेले पट्टे, सगळं पीडीएफमध्ये. तिच्या सरांनी सांगितलं, विद्यार्थ्याला एवढं पुरे. पीडीएफ वाचायला एक साधं ॲप आणि टिंब बघायला ओस्मअँडसारखं, नकाशा आधी उतरवून ठेवता येणारं ॲप, जे नेटशिवाय रस्ते, नद्या, गावं आणि अक्षांश-रेखांश दाखवतं. तेही शिक्षक शेजारी असताना, शाळेच्या परवानगीनं, नुसतं पडताळून बघायला. ‘नेव्हिगेशन ॲप’ म्हणून ज्याच्यासाठी घरात आठवडाभर खल चालला होता, ते शेवटी फुकट निघालं. मला फार बरं वाटलं. लेकीचं तोंड जरा उतरलं.

आता ऊन. हा आमच्या पोत्याचा तळ. आयपॅडचं कामाचं तापमान कंपनीनं ० ते ३५ अंश सेल्सिअस असं दिलंय. हे वाचून आबा हसले. खानदेशात मार्चअखेर सकाळी अकरालाच ३५ मागे पडतं, आणि विमानाच्या काचेच्या डब्यात तर विचारूच नका. मग एका रविवारी आम्ही सीवूड्सच्या खाडीकडच्या रस्त्याला गाडी दक्षिणेकडे तोंड करून लावली, काचा बोटभर उघड्या ठेवल्या आणि डॅशबोर्डवर तीन टॅब मांडले. एक भाच्याचा, एक लेकीच्या मैत्रिणीकडून मागून आणलेला, एक आमच्या गाळ्यातला. तिघांचाही उजेड पूर्ण, फ्लाइट मोड चालू, नकाशा उघडा. गाळ्यातून आणलेला थर्मामीटर शेजारी. दुपारचा एक. आबा मागच्या सीटवर टोपी घालून, मांडीवर वही, हातात घड्याळ, अशा थाटात की जणू शर्यत लावली आहे. खाडीत फ्लेमिंगो उभे होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

थर्मामीटर ५१ वर गेला. पहिला टॅब अकराव्या मिनिटाला आपणहून मंद झाला. बंद नाही, मंद. लेक म्हणाली, “हेच बंद.” खरंच होतं, त्या उन्हात मंद पडदा म्हणजे काळा आरसा, त्यात माझाच घामेजलेला चेहरा दिसत होता. एकोणिसाव्या मिनिटाला त्यानं तापल्याची सूचना दिली आणि निजला. दुसरा ३४ मिनिटं गेला. तिसरा, सगळ्यांत मठ्ठ, भाच्यानं गेम अडकतो म्हणून कपाटात टाकलेला, तो ५२ व्या मिनिटालाही जागा होता. बोट लावलं की विचार करून उत्तर द्यायचा, पण द्यायचा. वेगवान चिप जास्त तापते, हे असेल. किंवा त्याची पाठ जाड होती म्हणून असेल. कारण कळलं नाही, वहीत आकडा पडला.

त्याच दुपारी आणखी एक शोध लागला. लेकीनं नवा गॉगल घातला होता, पोलराइज्डवाला, उन्हाची तिरीप मारणारा. टॅब उभा धरला तर ठीक, आडवा केला की पडदा ठार काळा. ती दचकली. टॅबच्या पडद्यातून येणारा उजेड एकाच दिशेत कंपणारा असतो आणि गॉगलची काच नेमकी ती दिशा अडवते. तिला मागून कळलं, वैमानिकांना असा गॉगल न वापरण्याचाच सल्ला देतात. दोन हजारांचा गॉगल माझ्याकडे आला. मी तो मार्केटला जाताना घालते.

शेवटी घेतला तो पावणेनऊ इंची, सिमची खाच असलेला, सोळा हजारांचा, मठ्ठ घराण्यातला. त्यावर तीनशेचा मॅट स्क्रीनगार्ड. मांडीचा पट्टा नेरुळ स्टेशनबाहेरच्या बॅग दुरुस्तीवाल्यानं साडेतीनशेत शिवून दिला, आबांनी त्याला पुठ्ठा दाखवून माप समजावलं, तर तो म्हणाला, “आजोबा, हे मांडीला बांधून करणार काय?” आबा म्हणाले, “विमान चालवणार.” त्यानं पट्ट्याला दुहेरी टाका मारला आणि पैसे मात्र वाढवले नाहीत.

आबा सिडकोत ट्रेसर म्हणून लागले ते १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी. सिडको दोनच वर्षांची होती. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं आणि अमोनिया प्रिंटचा तो नाक झोंबवणारा वास. तेव्हा वाशीला रेल्वे नव्हती, ती वीस वर्षांनी, १९९२ ला आली. पण त्यांच्या कागदावर स्टेशनं कधीचीच होती. टॅब घरी आला त्या रात्री लेकीनं त्यात उलवे उघडून दाखवलं. नव्या नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं सुरू झाली. आबांनी चष्मा वर केला, दोन बोटांनी नकाशा मोठा केला, पुन्हा लहान केला.

“इथं टेकडी होती,” ते म्हणाले. “हिच्या कंटूर मी काढल्यात. आणि नदी अशी वळायची.” त्यांचं बोट पडद्यावर वळलं, नकाशा भलतीकडे सरकला.

टेकडी फोडली, नदीचं पात्र वळवलं, हे आम्ही सगळ्यांनी गाडीतून जाता-येता पाहिलं होतं. तरी त्यांचं बोट जुन्या नदीवरूनच गेलं. लेकीनं सांगितलं, हवाई नकाशांतले बदल जगभर ठरलेल्या तारखांनाच लागू होतात, दर २८ दिवसांनी. जुनं पान वापरायचं नाही. आबांना हे पटलं आणि खुपलंही. “आमचा नकाशा वीस वर्षं चालायचा,” म्हणाले. मग थोड्या वेळानं, “म्हणजे आम्ही चालवायचो.”

पूर्वी ही पानं हातानं बदलायची. अमेरिकेत १९३४ मध्ये एल्रे जेपसन नावाच्या टपाल-वैमानिकानं स्वतःच्या वहीतल्या नोंदी, धावपट्टीची लांबी, आसपासचे डोंगर, शेतकऱ्यांचे फोन नंबर, छापून १० डॉलरला विकायला सुरुवात केली. त्यातून हा सगळा धंदा वाढला. पुढे वैमानिकांच्या बॅगा १६-१६ किलोंच्या झाल्या. अमेरिकन एअरलाइन्सनं २०१३ मध्ये त्या काढून टाकून आयपॅड दिले. दोन वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, ॲपमध्ये एका विमानतळाचा नकाशा दोनदा शिरला आणि आयपॅड मिटले. कित्येक विमानं उभीच्या उभी राहिली. ॲप काढून पुन्हा घाला, हा इलाज. कागदाच्या बॅगेनं पाठ मोडायची, पण ती अशी मिटत नव्हती.

अर्थात कागद आणि डोळे यांचंही फार कौतुक नको. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८, भलं थोरलं जेट, सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढे निघून गेलं. माणसं वाचली, विमान कामातून गेलं. आबा नुकतेच मुंबईत आले होते, त्यांना त्याची चर्चा आठवते. आणि तेही पहिलं नव्हे. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट तिथंच चुकून उतरलं होतं. दोन धावपट्ट्या तीन-चार किलोमीटरवर, दिशाही जवळजवळ एकच. मांडीवर सोळा हजारांचं टिंब असतं तर ओरडून सांगितलं असतं. आता लोकांनी टिंबालाही फसवायची युक्ती काढली आहे. युद्धाच्या प्रदेशांत खोटे सिग्नल सोडतात आणि विमानाचं टिंब दुसऱ्याच देशात जाऊन बसतं. लेकीचे सर म्हणतात, खिडकीतली नदी आणि नकाशातली नदी जुळत नसेल तर नदीवर विश्वास ठेवायचा.

माझंही एक टिंब आहे. लेकीनं फोनवर तिचं लोकेशन मला दिलंय. सकाळी कुकर लावते आणि बघते: होस्टेल. थोड्या वेळानं गोंदूर. मग ते तिथेच थांबतं, कारण फोन बंद करून ती वर गेलेली असते. टिंब जमिनीवर आणि पोरगी आभाळात. तास-दीड तास मी जिरे आणि धण्याच्या पावत्या लिहिते, मध्येच फोन उलटा करून ठेवते. ‘शेवटचं अपडेट ४७ मिनिटांपूर्वी’ असं त्यावर येतं, ते वाक्य मला पाठ झालंय.

एकटीनं धुळे ते जळगाव आणि परत, हे तिचं उड्डाण एप्रिलमध्ये झालं.  सेसनाला, म्हणजे तिच्या छोट्या विमानाला, एका बाजूनं साधारण अर्धा तास. सरांनी टॅब न्यायला परवानगी दिली, पण म्हणाले, कागदावर रेघ मारल्याशिवाय चावी देणार नाही. निघण्याआधी विमानाभोवती फिरून तपासणी करताना तिनं टॅब सीटवर ठेवला. उन्हात. वीस मिनिटं. पुढचं तिनं मला फोनवर सांगितलं नाही, आठ दिवसांनी घरी आल्यावर सांगितलं.

“पारोळ्याचा किल्ला दिसला, तेवढ्यात टॅब मंद झाला. मग गेलाच.”

माझ्या हातातलं पातेलं ओट्यावर टेकलं. “मग गं?”

“मग काय, एरंडोल शोधलं. ते समोर यायला हवं होतं, ते डावीकडे दिसलं. लांब.”

आबा हॉलमधून म्हणाले, “किती लांब?”

“तीन मैल असेल.”

“आणि निघून किती आली होतीस?”

“तीस.”

तिकडे पेन्सिल शोधल्याचा आवाज आला. तिनं बॅगेतून नकाशा काढला, आठ घड्या, कडेला चहाचा डाग. टेबलावर पसरला तर उलगडून राहीना. एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी ठेवली, दुसऱ्यावर टॅब. धुळ्याहून जळगावला गेलेली रेघ शिसपेन्सिलीची, सरळ, आणि एरंडोलपाशी कडेला घाईघाईनं लिहिलेलं: ६ + १२ = १८ डावीकडे.

“साठ मैलांत एक मैल चुकलं तर एक अंश,” ती आबांना सांगू लागली. “तीसमध्ये तीन म्हणजे सहा अंश. तेवढं वळवलं की रेघेला समांतर. पण पुढे पंधराच मैल उरले होते, त्यात तीन मैल भरून काढायचे, म्हणून आणखी बारा. मग गिरणा आली. पूल दिसला. पुलापलीकडे…”

“थांब,” आबा म्हणाले. त्यांनी खिशातून जुनी सहा इंची पट्टी काढली, एरंडोलच्या टिंबापासून रेघेपर्यंतचं अंतर मोजलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, पुन्हा मोजलं.

“यावर तारीख नाही टाकलीस,” ते म्हणाले, आणि मला म्हणाले, “माझं भिंग कुठंय? बारीक लिहिलंय हिनं.”